मसुदा आला, आता काय? औषध दुकानदारांच्या हरकती-सूचना दिल्लीपर्यंत कशा जातात

सप्टेंबर २०१८. दुपारचे तीन वाजले होते. मिरजेतल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मी डबा उघडणार, तेवढ्यात जत तालुक्यातल्या एका दुकानदाराचा फोन आला. "आण्णा, ऑनलाईन औषधविक्रीचा कायदा झाला म्हणं. आता आपली दुकानं बंदच पडणार का?" त्याच्या मोबाईलवर एक इंग्रजी पीडीएफ आली होती. तिच्या वरच्या मेसेजात 'तीव्र निषेध' होता, खाली संपाची तारीख होती. पीडीएफ त्याने उघडली नव्हती. ती पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी उघडली असेल, मला शंकाच आहे.

मी म्हटलं, "पहिलं पान उघड. वर 'ड्राफ्ट' लिहिलंय का बघ."

"लिहिलंय."

"मग कायदा झालेला नाही. सरकारनं विचारलंय. आता आपण काय सांगायचं ते बोलू."

मी वीस-बावीस वर्षं मेडिकल चालवतो. जिल्ह्याच्या संघटनेतर्फे अशा मसुद्यांवर उत्तरं लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. हे काम बाहेर कुणाला दिसत नाही. पण तुमच्या घरातल्या बीपीच्या गोळीचा, आईच्या इन्सुलिनचा, लेकराच्या तापाच्या औषधाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. गोळी चिठ्ठीशिवाय मिळणार की नाही, ती कोण देणार, देताना काय सांगणार, हे सगळं अशाच मसुद्यांतून ठरतं. म्हणून हे दुकानदारांइतकंच गिऱ्हाइकांनाही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सरकार विचारतं ते का?

औषधांच्या दुकानांवर मुख्यतः दोन कायद्यांचा अंमल असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, तो माल, जागा आणि परवाना बघतो. फार्मसी कायदा १९४८ चा, तो फार्मासिस्टची नोंदणी बघतो. रोजच्या रोज आमच्या डोक्यावर असतात ते मात्र १९४५ चे नियम. दुकान किमान १० चौरस मीटरचं हवं, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, कुठलं औषध कुठल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे नियमांना जोडलेल्या कुठल्या यादीत, रजिस्टर किती वर्षं ठेवायचं, हे सगळं नियमांत आहे. कायदा बदलायचा तर संसद लागते. नियम केंद्र सरकार बदलू शकतं.

पण मनाला येईल तसे नाही. १९४० च्या कायद्याचं कलम ३३ सांगतं की विक्रीचे नियम करण्याआधी औषध तांत्रिक सल्लागार मंडळाशी, म्हणजे ज्याला आम्ही डीटॅब म्हणतो त्याच्याशी, सल्लामसलत करा आणि नियम आधी राजपत्रात प्रसिद्ध करा. अगदीच घाई असेल तर मंडळाला विचारल्याशिवाय नियम करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत विचारावंच लागतं. आधी प्रसिद्ध करणं म्हणजे काय, हे त्याहून जुन्या कायद्यात आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम २३: मसुदा छापा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेणार ते सांगा, आणि तोवर आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्या.

'विचारात घ्या' एवढंच. 'माना' असं नाही, 'उत्तर द्या' असंही नाही. हे नीट कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. ही मतमोजणी नव्हे. एकाच मजकुराची दहा हजार पत्रं गेली तरी वाचणाऱ्याच्या टेबलावर तो एकच मुद्दा असतो. आणि एका दुकानातून आलेलं एकच पत्र, ज्यात कुणाच्या ध्यानात न आलेली अडचण असते, ते वेगळं काढून ठेवावं लागतं.

डीटॅबवर कोण बसतं तेही बघण्यासारखं आहे. सरकारी प्रयोगशाळांचे संचालक, राज्यांच्या औषध नियंत्रण यंत्रणेतले अधिकारी, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष, औषध उद्योगातून नेमलेली एक व्यक्ती, डॉक्टरांच्या आयएमएने निवडलेली एक, फार्मासिस्टांच्या आयपीएने निवडलेली एक. किरकोळ दुकानदारांच्या संघटनेसाठी राखलेली खुर्ची त्यात नाही. म्हणून काऊंटरवर काय घडतं हे सांगायला आमच्या हातात मुख्यतः हा हरकती-सूचनांचा कागदच राहतो.

जिथे विचारलं जात नाही

सगळंच मसुद्यातून येतं असं नाही. १० मार्च २०१६ ला ३४४ मिश्र औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत किंवा बाटलीत एकाहून जास्त औषधं असलेल्यांवर, एका फटक्यात बंदी आली. ती त्याच १९४० च्या कायद्याच्या कलम २६-अ खाली होती, आणि त्यात आधी मसुदा काढायची गरज नसते. आदल्या रात्री विकलेली सर्दीची गोळी दुसऱ्या दिवशी विकता येत नव्हती. काऊंटरखाली खोकी भरून माल वेगळा काढला, आणि परत कोण घेणार यावरून स्टॉकिस्टांशी, म्हणजे आम्हाला माल पुरवणाऱ्या ठोक विक्रेत्यांशी, पुढचे कितीतरी दिवस गेले. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते डीटॅबकडे पाठवलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने बंदी आली.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं आहे. २६ मार्च २०२०, देशभर टाळेबंदी लागून दुसरा दिवस. त्या दिवशी केंद्राने कलम २६-ब खाली घरपोच औषध द्यायला परवानगी देणारी अधिसूचना काढली, जी.एस.आर. २२० (ई). जी.एस.आर. हा राजपत्रातल्या अधिसूचनेचा क्रमांक, आणि यातला 'ई' म्हणजे असाधारण राजपत्र. वेळ आणीबाणीची होती, हरकती मागवत बसायला सवड कुणालाच नव्हती, आणि तो निर्णय गरजेचाच होता. पण त्यात एक अट होती: ज्या महसुली जिल्ह्यात दुकान आहे त्याच जिल्ह्यातल्या पेशंटला घरपोच औषध द्यायचं.

आता मिरजेत उभं राहून ही अट वाचा. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून या गावाला पेशंट बाहेरून येतात. कोल्हापूर जिल्ह्यातून येतात, सोलापूरकडून येतात, कर्नाटकातून येतात. जयसिंगपूर सांगलीपासून दहा-बारा किलोमीटर, पण जिल्हा कोल्हापूर. कागवाड तर मिरजेला लागून असल्यासारखं, पण राज्यच वेगळं. उलट जत पाऊणशे किलोमीटरच्या पुढे, पण जिल्हा आमचा. म्हणजे जतच्या पेशंटला मी गोळ्या पाठवू शकत होतो, आणि जो जयसिंगपूरकर दर महिन्याला माझ्याच दुकानातून फिटची गोळी नेतो त्याला नाही. दिल्लीत टेबलावर बसलेल्या माणसाला 'जिल्हा' हा शब्द सोयीचा आणि स्वच्छ वाटतो, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. 'जिल्हा' ऐवजी 'अमुक किलोमीटर' असं हवं, हे त्याला सीमेवरच्या दुकानदारानेच सांगायला हवं. ते सांगायची जागा म्हणजे हरकती-सूचना.

दिवस मोजायला कुठून सुरुवात करायची

मसुद्यात मुदत लिहिलेली असते. बऱ्याचदा ३० दिवस, कधी ४५. हे दिवस राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून धरतात. तुमच्या मोबाईलवर पीडीएफ आली त्या दिवसापासून नव्हे. हा फरक फार महाग पडतो.

राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत निघतं. आधी ते मुंबईत, देशपातळीच्या संघटनेकडे जातं. तिथून राज्य संघटनेकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे, आणि मग जत तालुक्यातल्या उमदी-संखच्या दुकानदारापर्यंत. आणि त्याचं म्हणणं त्याच पायऱ्यांनी वर चढायला हवं. मध्ये गणपती येतात, मार्चअखेर येते, कुणाच्या घरी लग्न असतं. माझा अनुभव असा की तीसपैकी वीस दिवस कागद खाली येण्यातच जातात. म्हणून आता आम्ही जिल्ह्यात वरून कागद यायची वाट बघत नाही. दोघांकडे एकच काम दिलंय: आठवड्यातून दोनदा राजपत्राची आणि केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेची वेबसाइट उघडून बघायची.

कोण कुणाच्या वतीने बोलतं

यात लोकांचा फार घोळ होतो. एआयओसीडी ही देशभरातल्या औषध विक्रेत्यांची संघटना. तिच्या खाली राज्याची, आणि राज्याखाली जिल्ह्याची. या सगळ्या व्यापारी संघटना आहेत, दुकानदार आणि स्टॉकिस्टांच्या. आयपीए म्हणजे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन ही फार्मासिस्टांची, १९३९ पासूनची. राज्याची फार्मसी कौन्सिल तर संघटनाच नाही. ती फार्मासिस्टची नोंदणी ठेवणारी, कायद्याने नेमलेली संस्था आहे.

दुकानाचा मालक आणि काऊंटरवरचा फार्मासिस्ट कित्येकदा एकच माणूस नसतो. मालकाला माल खपण्याची काळजी असते. फार्मासिस्टला आपल्या सहीखाली काय जातंय याची काळजी असते. चांगल्या दुकानात दोन्ही काळज्या एकत्र नांदतात, पण उत्तर लिहिताना दोघांचं म्हणणं वेगळं निघू शकतं. आमच्या बैठकीला मी नोकरीवरच्या फार्मासिस्टांना मुद्दाम बोलावतो. सुरुवातीला मालकासमोर ते बोलत नाहीत. चहा झाल्यावर बोलतात.

उत्तर लिहायचं कसं

२०१८ चा तो ई-फार्मसीचा मसुदा, जी.एस.आर. ८१७ (ई), तारीख २८ ऑगस्ट. ऑनलाईन औषध विकणाऱ्यांनी केंद्राकडे नोंदणी करायची, ५० हजार रुपये शुल्क, नोंदणी तीन वर्षांसाठी, ग्राहकांच्या शंकांसाठी रोज बारा तास सोय आणि तिथे फार्मासिस्ट, झोपेच्या-नशेच्या वर्गातली आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं विकायची नाहीत, अशा तरतुदी त्यात होत्या.

आमच्या जिल्ह्यात पहिला कच्चा मजकूर आला तो असा: "ई-फार्मसीमुळे लाखो दुकानदार देशोधडीला लागतील, तरी हा काळा कायदा त्वरित मागे घ्यावा." भावना खरी होती. मलाही धाकधूक होतीच. पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याने या वाक्याचं करायचं काय? त्याच्यासमोर नियमांची यादी आहे आणि प्रत्येक नियमापुढे त्याला ठरवायचंय: ठेवू, काढू की बदलू. तुमचं उत्तर त्या यादीत कुठे बसतं हे त्याला दिसलं पाहिजे.

म्हणून आम्ही वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात मसुद्यातल्या नियमाचा क्रमांक आणि नेमके शब्द. दुसऱ्यात काऊंटरवर त्याने काय होईल. तिसऱ्यात त्या शब्दांच्या जागी कुठले शब्द हवेत. तिसरा रकाना भरता येत नसेल तर बहुधा दुसऱ्यातच काहीतरी कच्चं आहे असं समजायचं.

दुसरा रकाना दुकानातूनच भरावा लागतो. माझ्याकडे म्हैसाळच्या बाजूने एक आजी येतात. इन्सुलिन नेताना त्या स्टीलचा डबा आणतात, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली कुपी ठेवतात आणि घरी गेल्यावर डबा माठाला टेकवून ठेवतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा चाळिशीला टेकतो. त्या आजींना मी एका वेळी एकच कुपी देतो, दोन महिन्यांची देत नाही, कारण त्यांच्या घरी फ्रिज नाही हे मला माहीत आहे. आता हेच इन्सुलिन खोक्यातून आलं आणि तालुक्याच्या गावी अर्धा दिवस गोडाऊनमध्ये पडून राहिलं तर? औषधाचा रंग बदलत नाही, वास येत नाही. फक्त साखर उतरत नाही, आणि डॉक्टर डोस वाढवतात. तिसऱ्या रकान्यात आम्ही लिहिलं: थंड ठेवायच्या औषधांसाठी वाटेतलं तापमान मोजायची आणि ती नोंद ग्राहकाला दाखवायची स्वतंत्र अट घालावी. मागे घ्या, काळा कायदा, असलं काही नाही. एक अट, मोजता येईल अशी.

हे लिहून झालं आणि बैठकीत एका तरुण फार्मासिस्टने हात वर केला. "सर, आपल्या किती दुकानांत रात्री फ्रिज चालू असतो?" सगळे गप्प झाले. कारण काही दुकानांत बिल वाचवायला रात्री मेन स्विचच बंद करत होते. फ्रिजमधलं थर्मामीटर कित्येक ठिकाणी नावापुरतं लटकत होतं. जी अट आपण दुसऱ्याला घालायला सांगतोय ती आपल्याला लागू करून बघितली तर टिकेल का? तो महिना आम्ही आधी आपली दुकानं तपासण्यात घालवला. काहींनी इन्व्हर्टर घेतले, काहींनी तापमानाची वही सुरू केली. मग उत्तरात ते वाक्य ठेवलं, आणि 'ही अट दुकानांनाही लागू असावी' एवढं जोडलं. त्या दिवशी हात वर करणाऱ्या पोरीबद्दल मला आजही आदर वाटतो.

पाच दिवसांची गोळी

मे २०२२ मध्ये आणखी एक मसुदा आला. पॅरासिटामॉलसारखी १६ औषधं चिठ्ठीशिवाय काऊंटरवर द्यायला मोकळी करायची, पण पाच दिवसांच्या वर उपचार चालवायचा नाही, त्याने बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जायचं, असा तो प्रस्ताव. हा दुकानदारांच्या सोयीचा वाटतो, म्हणून अशा वेळी संघटना 'स्वागत आहे' लिहून मोकळ्या होतात. पण सोयीच्या मसुद्यावरही हरकत-सूचना द्यायची असते, किंबहुना तिथेच तिला जास्त किंमत येते.

पाच दिवस म्हणजे किती गोळ्या? स्ट्रिप दहाची असते, पंधराची असते. गिऱ्हाईक म्हणतं, "सहाच द्या." मग आम्ही कात्रीने स्ट्रिप कापतो. एक्स्पायरी आणि बॅच नंबर पट्टीच्या एकाच टोकाला छापलेला असतो. दुसऱ्या टोकाच्या गोळ्या ज्याच्या घरी गेल्या त्याला ती कधी बाद होते ते कधीच कळत नाही. हे देशातल्या प्रत्येक दुकानात रोज घडतं. सूचना साधी होती: चिठ्ठीशिवाय द्यायच्या गोळ्यांच्या पट्टीवर प्रत्येक गोळीच्या मागे नाव आणि एक्स्पायरी छापा.

दुसरी गोष्ट आणखी गंभीर. ऊसतोडीच्या हंगामात मजूर येतात, अंग ठणकतंय म्हणून पॅरासिटामॉल मागतात, आणि जोडीला सर्दीची गोळी मागतात. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत आधीच पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते जाऊ नये, दारू पिणाऱ्याला तर त्याहून कमीच बरं. पट्टी दोन, नावं दोन, औषध एकच, आणि सोसायचं लिव्हरने. काऊंटरवरचा माणूस एवढं विचारेल का, "आधी काही घेतलंय का?" चिठ्ठी जिथे नसते तिथे हा प्रश्नच चिठ्ठीचं काम करतो. तो कोण विचारणार हे नियमात असावं, असं आम्ही लिहिलं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांत फार्मासिस्टने रुग्णाला समजावून सांगावं असं आहेच. जतच्या पूर्व भागात हे सांगणं कन्नडमध्ये करावं लागतं, त्यामुळे वेष्टनावर इंग्रजी सूचना असून भागत नाही, हेही जोडलं.

पुरावा म्हणून काय द्यायचं? मोठे आकडे आमच्याकडे नसतात आणि ते आणायचा आव आणू नये. आम्ही मिरज, विश्रामबाग, आटपाडी, शिराळा, जत अशी वेगवेगळ्या तऱ्हेची दुकानं घेतो आणि एक आठवडा एकच गोष्ट मोजायला सांगतो. बस. एक काळजी मात्र कटाक्षाने: शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे ज्यांची विक्री वेगळी नोंदवावी लागते त्या औषधांच्या, रजिस्टरची झेरॉक्स उत्तराला जोडायची नाही. त्यात पेशंटचं नाव असतं, टीबीच्या औषधांचीही नोंद असते. छोट्या गावात नावावरून घर कळतं.

आपलं पोट आणि पेशंटचं हित

हे बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. आमचं म्हणणं ऐकताना समोरच्याच्या मनात एक शंका असतेच, की हे पेशंटचं नाव घेऊन स्वतःचा धंदा सांभाळतायत. ती शंका अगदीच निराधार नाही. संघटनेच्या ना हरकत पत्राशिवाय नवा स्टॉकिस्ट नेमू न देण्यासारख्या प्रथांवरून औषध विक्रेत्यांच्या संघटनांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने आदेश दिलेले आहेत. तो इतिहास पुसता येत नाही.

म्हणून मी उत्तराचे दोन भाग करतो. एकात पेशंटच्या सुरक्षेचं. दुसऱ्यात उघडपणे आमच्या उत्पन्नाचं. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन ठरवून दिलेलं आहे. त्यातून भाडं, फार्मासिस्टचा पगार, लाईट बिल आणि बाद मालाचं नुकसान निघतं. समोर भरमसाट सवलत देणारा आला तर खेड्यातलं दुकान आधी फार्मासिस्टचा पगार वाचवायला बघेल, आणि मग बंद पडेल. हे म्हणणं लाजण्यासारखं नाही. ते पेशंटच्या आड लपवलं तर मात्र दोन्ही भाग फुकट जातात. आणि उत्तर एकत्र लिहायला बसलेल्या दुकानदारांनी त्याच बैठकीत सवलत किती द्यायची हे ठरवायचं नाही. ती वेगळी आणि बेकायदा गोष्ट आहे.

संपाचं काय? २८ सप्टेंबर २०१८ ला देशभर दुकानं बंद राहिली, आमचीही. संपाने बातमी होते, मंत्री भेटतात. पण कलमातला शब्द संपाने बदलत नाही, तो लिहूनच बदलायला लागतो. पुढे डिसेंबरमध्ये दिल्ली आणि मद्रास उच्च न्यायालयांत ऑनलाईन विक्रीवर आदेश झाले, आणि मसुदा अंतिम न होता वर्षानुवर्षं तसाच राहिला. बंदमुळे, कोर्टामुळे की हरकतींमुळे, यातलं श्रेय मी कुणाच्याही पदरात टाकणार नाही.

मसुदा नसतानाही सांगता येतं, हे शेवटी जाता जाता. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सांगलीतल्या कित्येकांनी औषधांची खोकी नातेवाइकांच्या माडीवर हलवली. परवाना जागेवर असतो. म्हणजे कागदावर तो माल बिनपरवाना जागेत होता. माल वाचवणारा माणूस नियम मोडणारा ठरू नये, यासाठी आपत्तीच्या काळातली तरतूद हवी. असं निवेदन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कधीही देता येतं, आणि पोच घेऊन ठेवता येते.

पाठवल्यानंतर

पत्ता आणि ईमेल मसुद्यातच दिलेला असतो. ईमेल करायचा, शिवाय स्पीड पोस्ट करायचं आणि पावती फाईलला लावायची. मुदतीच्या शेवटच्या रात्री पाठवू नये. उत्तर येत नाही, त्याची वाट बघायची नाही. अंतिम अधिसूचना निघेल तेव्हा ती मसुद्याशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची. कुठला शब्द हलला ते बघायचं. तारीखही बघायची. शेड्यूल एच-वनची अंतिम अधिसूचना ३० ऑगस्ट २०१३ ची, पण लागू १ मार्च २०१४ पासून. मधल्या सहा महिन्यांत रजिस्टरं छापून झाली, पोरांना शिकवता आलं, जुना माल संपवता आला. तयारीला वेळ मागणं ही सर्वांत कमी खर्चाची सूचना आहे, आणि आम्ही ती कधीच विसरत नाही.

जतच्या त्या दुकानदाराला मी तीन रकान्यांचं सांगितलं होतं. चार दिवसांनी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. थंड औषधं नेणाऱ्यांची यादी होती, नावं काळ्या पेनाने खोडलेली, पुढे फक्त 'फ्रिज आहे' किंवा 'नाही'. खाली त्याच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: "आमच्याकडं लाईट दुपारी जाते, आन् पार्सलची गाडी पण दुपारीच येते."

ती ओळ आम्ही इंग्रजीत केली, तिच्यापुढे नियमाचा क्रमांक लावला, आणि मुदत संपायच्या सहा दिवस आधी पाठवली.